एकतिसावे ‘नक्की?’

मित्रांनो, मला जुनी म्हणा, चालेल. पण मोडकी म्हणू नका. मी एक ओसरी आहे. लाकडाची नव्हे आणि दगडाचीही नव्हे. संगणक सुरू केला की आत कामाला शिरण्याआधी माणसाला जिथे क्षणभर टेकता येते, अशी चित्रांची आणि खिडक्यांची ओसरी. माझ्या माणसांनी माझे नाव ‘पोर्च’ ठेवले होते. त्यांच्या गावात घरापुढच्या ओसरीला तेच म्हणतात.

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावी झाला, सफरचंदांच्या एका जुन्या वखारीच्या माडीवर. साल होते १९८४. खाली रिकामी खोकी रचलेली असत आणि त्यांचा गोडसर वास जिन्याने वर येई, असे मी ऐकून आहे. मला नाक नाही. मला डोळे आणि कानही नाहीत. मग मला हे सारे कसे कळले, असे तुम्ही विचाराल. व्हर्ना राडोविच नावाच्या बाईंनी रोज संध्याकाळी माझ्या एका खिडकीत दिवसभरातले चार शब्द लिहून ठेवायचा नेम धरला होता. कोण काय बोलले, कोण कोणावर खेकसले, सगळे त्यात असे. तिथून मला माणसे कळली. बाकीचे मी त्यांच्या हातांवरून ओळखले.

माउस धरणारा हात फार बोलका असतो. मला घडवणाऱ्या जून नागाताचा हात चपळ होता. तिचा बाण पडद्यावर असा धावे की वाटेतल्या चित्रांना वारा लागत असेल. धनी हॉलिस बेकविथ विचार करताना माउस उगाच गोल गोल फिरवत राहायचे. आणि व्हर्नाबाईंचा हात सावकाश, सरळ रेषेत यायचा, जणू कापडावरून इस्त्री फिरते आहे.

त्या काळी संगणक म्हणजे काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. काय हवे ते नेमक्या शब्दांत लिहायचे. एक अक्षर चुकले तरी तो ढिम्म. जूनचे आईबाप स्ट्रॉबेरीचे मळेवाले. त्यांना मळ्याच्या नोंदी ठेवायला जूनने एक संगणक आणून दिला होता. वडिलांनी दोन दिवस त्या रेघेकडे पाहिले आणि म्हणाले, “हा काही बोलत नाही आणि मला बोलू देत नाही.” त्या वाक्यातून मी जन्मले. जूनने ठरवले की कागदाला कागदाचे चित्र असेल, फडताळाला फडताळाचे, आणि नको ते टाकायला एक टोपली असेल. बोट दाखवावे तसा बाण दाखवायचा, की झाले.

अंगकाठीने मी लहान होते. संगणकाच्या स्मृतीत सारी मिळून अडीच लाख अक्षरांची जागा, आणि त्यात मी, माझ्या खिडक्या, माझी चित्रे, शिवाय माणसाचे स्वतःचे काम. जून माझ्यातली एकेक ओळ उचलून हलवून बघायची, आणि तिच्याविना भागत असेल तर काढून टाकायची. सात महिने हेच चालले. मला त्याचे कधी दुखले नाही. उलट कुतूहल वाटे, की आता आणखी काय काढले तरी मी मीच राहीन?

एका गोष्टीला मात्र ती हात लावत नसे. माझ्या वरच्या कोपऱ्यात तिने भरती-ओहोटीचे घड्याळ बसवले होते. तिचे काका मॉस लँडिंगच्या धक्क्यावरून मासेमारीला जात. त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यातले आकडे तिने एकेक करून माझ्यात भरले होते. एक छोटी निळी पट्टी हळूहळू चढे आणि हळूहळू उतरे. दर सहा मिनिटांनी ते घड्याळ पाण्याची पातळी संगणकाच्या साठवणीच्या चकतीवर एका नव्या पानावर टिपून ठेवी. मला ते फार आवडे. मी समुद्र पाहिलेला नाही, पण आता तो कुठवर आला आहे हे मला ठाऊक असे.

हॉलिस यांचा एक दंडक होता. ज्या वस्तूचा आपण व्यापार करणार, तिच्यावरच आपण सगळे काम करायचे. म्हणून त्यांनी कचेरीतला टाइपरायटर कपाटात घालून किल्ली खिशात टाकली. व्हर्नाबाई कामावर आल्या त्याच दिवशी ही गोष्ट घडली. बाईंनी भाज्या गोठवण्याच्या एका कारखान्याच्या कचेरीत एकोणीस वर्षे काढली होती. तिथली माणसे कमी केली, तेव्हा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या इथे आल्या. त्यांचे काम एकच होते. मला कसे वापरायचे याची पुस्तिका लिहायची. तीन महिन्यांची मुदत. पुस्तिका छापखान्यात गेली तर नोकरी पक्की, नाही तर हात जोडून निरोप.

“मिसेस राडोविच, संगणकाची सवय आहे ना?” जूनने पहिल्या दिवशी विचारले.

“व्हर्ना म्हण मला. सवय टाइपरायटरची आहे. तो तुझ्या साहेबांनी तुरुंगात टाकला.”

“मग या पोर्चला तुम्ही माणसाळवा.”

“कोण कोणाला माणसाळवतं ते बघू.”

रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी त्या क्षणभर डोळे मिटून बसत. बुधवारी आणि शुक्रवारी त्यांचा उपास असे. पाव आणि पाणी, बाकी काही नाही. जून मुद्दाम त्याच दिवशी घरच्या स्ट्रॉबेऱ्यांची टोपली त्यांच्या टेबलावर आणून ठेवायची.

“आज बुधवार आहे, पोरी.”

“बुधवारी स्ट्रॉबेरी पाप असते का?”

“स्ट्रॉबेरी पाप नसते. तू आहेस.”

आणि दोघी हसत. टोपली गुरुवारी रिकामी व्हायची.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवे. ती मला जूनने लावली होती. सुरुवातीला हॉलिस यांनी एकदा चुकून एक पत्र न साठवताच खिडकी मिटली, आणि दोन दिवस कुरकुरत बसले. जून वैतागली. तिने मला प्रत्येक गोष्टीआधी विचारायला शिकवले. खिडकी मिटायची? नक्की? कागद हलवायचा? नक्की? नाव बदलायचे? नक्की? टोपलीत टाकायचे? नक्की? सगळीकडे तोच शब्द, तीच चौकट, तोच आवाज. “आता कोणी म्हणायचं नाही की पोर्चने विचारलं नाही,” असे ती म्हणाली होती. मला वाटले, मी किती काळजी घेते! पुष्कळ दिवसांनी मला कळले, की ते विचारणे माणसासाठी नव्हते. उद्या बोट कोणाकडे दाखवायचे, त्याची ती आधीच केलेली तयारी होती.

आणि माझे टोपलीचे चित्र होते ना, ते नुसतेच चित्र होते. तिला तळ नव्हता. तिच्यात पडलेल्या वस्तूचे नाव मी यादीतून तत्क्षणी खोडून टाकत असे.

तेराव्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी पुस्तिका पुरी झाली. अकरा प्रकरणे. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ती छापखान्यात द्यायची होती. माझा छपाईचा भाग जूनने आदल्या संध्याकाळीच पुरा केला होता, म्हणून कागदावर अजून एकही पान उतरले नव्हते. सारी पाने माझ्यापाशी, चकतीवर. सॅक्रमेंटोची संगणक बनवणारी एक कंपनी मला आपल्या यंत्रांसोबत विकायला तयार होती, पण पुस्तिकेसकट.

बाईंनी आवराआवर सुरू केली. कारखान्यातली शिस्त, काम झाले की टेबल स्वच्छ. ‘पुस्तिका’ आणि ‘पुस्तिका, जुनी टिपणे’ अशी दोन फडताळे शेजारी होती. त्यांनी एक उचलले आणि टोपलीत टाकले. मी विचारले, “नक्की?” त्यांच्या बोटाने कळ दाबली. सकाळपासून ते बोट हेच करत होते.

मग बाण थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटले बाई उठून गेल्या.

“जून,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “माझी पुस्तिका दिसत नाही.”

“असेल तिथेच. खिडकी खाली सरकवा.”

“जुनी टिपणं दिसताहेत. पुस्तिका नाही.”

जून उठून आली. तिने पाहिले आणि तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला, असे बाईंनी नंतर लिहिले आहे.

“नक्कल कुठे ठेवलीय?”

“कसली नक्कल?”

“रोजची! दुसऱ्या चकतीवरची! मी रोज संध्याकाळी पोर्चची काढते, बिस्किटाच्या डब्यात ठेवते ती...”

“मला वाटलं तू बिस्किटं ठेवतेस,” बाई म्हणाल्या.

मित्रांनो, हसू नका. तीन माणसांच्या त्या माडीवर नक्कल काढणे हे श्वास घेण्यासारखे होते. श्वास घे असे कोण कोणाला सांगते? जूनने बाईंना माझ्याबद्दल सगळे सांगितले होते, हे सोडून. म्हणून पुस्तिकेच्या अकरा प्रकरणांतही ते नव्हते.

हॉलिस जिना चढून आले ते हातात आर्टिचोकच्या भाजीची पिशवी घेऊन. त्यांना सांगताच पिशवी खाली टेकली.

“पण पोर्चने विचारलं होतं ना?”

“विचारलं होतं,” जून म्हणाली. पुटपुटलीच.

“आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात?”

बाईंनी हात मांडीवर घेतले होते. “म्हणाले. आज सकाळपासून पोर्चने मला एकतीस वेळा विचारलं, हॉलिस. मी मोजलंय, कारण मला संध्याकाळच्या नोंदीत त्याच्यावर एक ओळ लिहायची होती. तीस वेळा काही बिघडलं नाही. एकतिसावं खरं होतं, हे मला कसं कळावं? आवाज तर तोच होता.”

हॉलिस माउस हातात घेऊन उगाच गोल गोल फिरवू लागले.

“उद्या बारा वाजता छापखाना,” हॉलिस शेवटी म्हणाले, “आणि परवा तुमची मुदत. मला वाईट वाटतंय, व्हर्ना. पण मी सॅक्रमेंटोला काय पाठवू?”

एवढ्यात जून किंचाळली. “घड्याळ!”

वरच्या कोपऱ्यात निळी पट्टी शांतपणे चढत होती. तिने झेप घेतली आणि संगणकाचा खटका बंद केला. मला काही कळायच्या आत अंधार झाला.

काय झाले होते ते सांगते. मी पाने फाडत नसे. यादीतून नाव तेवढे खोडी आणि ती जागा रिकामी आहे असे लिहून ठेवी. पाने तशीच पडून असत, जोवर तिथे दुसरे कोणी काही लिहीत नाही तोवर. आणि माझ्यात असे एकच कोणी होते जे न सांगता, न विचारता, दर सहा मिनिटांनी रिकामी जागा शोधून लिहीत असे. जूनचे लाडके घड्याळ. इथे बोलणी चालली होती तोवर समुद्र बाईंच्या पुस्तिकेवरून दोनदा फिरून गेला होता.

चकती काढून जूनने ती दुसऱ्या संगणकात घातली आणि एकेक तुकडा नुसता वाचायला सुरुवात केली. तुकड्यांना नावे नव्हती आणि क्रमही नव्हता. पाचशे अक्षरांचा तुकडा पडद्यावर यायचा, मध्येच तुटलेला. जूनला त्यातले काही उमगत नव्हते. पण बाईंना आपले प्रत्येक वाक्य पाठ होते.

“‘...टेबलाच्या कडेला पोचला तर घाबरू नका, माउस उचला आणि मागे आणून ठेवा.’ हे दुसऱ्या प्रकरणातलं,” त्या म्हणत. “याच्या आधी ‘हात आखडू नका’ येईल. पुढे बघ.”

जून पुढे बघे, आणि खरेच ते येई.

दिवसभर दोघी बसून होत्या. बाईंनी तेवढा पाव मोडून खाल्ला. संध्याकाळी सहा वाजता सात प्रकरणे जुळली होती. घरी जाऊन दोघी पहाटे पुन्हा आल्या. या जुळवाजुळवीत एक गोष्ट उघड झाली. जूनने पुस्तिका आत्ता प्रथमच वाचली होती.

“हे काय लिहिलंय तुम्ही? ‘पोर्च तुम्हाला फार वेळा नक्की का, असे विचारील. रागावू नका. तिचा स्वभाव भित्रा आहे.’”

“खोटं आहे का?”

जून थोडी हसली, मग थांबली. “भित्री ती नाही. मी आहे,” ती म्हणाली.

सकाळी नऊ वाजता सारे सापडले, दोन पाने सोडून. ती घड्याळाने कायमची पुसली होती. चौथ्या प्रकरणातली, टोपलीची पाने.

“दोनच ना?” हॉलिस आनंदाने म्हणाले. “तीन तास आहेत. लिहून टाका, व्हर्ना, आणि नोकरी तुमची!”

जूनने मला पुन्हा सुरू केले आणि बाईंनी नवे पान उघडले. मी वाट पाहत होते. त्यांचा हात कळांवर आला, आणि थांबला.

“मला लिहिता येणार नाही.”

“आधी लिहिलंच होतं की!”

“तेव्हा मला माहीत नव्हतं. आता काय लिहू? ‘टोपलीत टाका’ असं सहज लिहिलं, तर माझ्यासारखी कुणी बाई कुठेतरी हेच करील, आणि तिच्याजवळ जून नसेल. ‘टाकलेलं परत मिळत नाही, सांभाळा’ असं लिहिलं, तर टोपलीचं चित्र खोटं ठरतं. घरातल्या टोपलीतला कागद मी संध्याकाळपर्यंत काढू शकते.” त्या जूनकडे वळल्या. “तिला तळ लाव.”

“तळाला चार हजार अक्षरं लागतील. कुठून आणू? सुईएवढी जागा नाही.”

“व्हर्ना, तुमची मुदत उद्या संपतेय,” हॉलिस म्हणाले. आवाजात धमकी नव्हती, पण गोष्ट तीच होती. “दोन पानं लिहा आणि मोकळ्या व्हा.”

“मला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “मी बहिणीला नोकरी लागली म्हणून कळवूनही बसलेय.” आणि त्यांनी हात पुन्हा मांडीवर घेतले.

मित्रांनो, मला त्या वेळी नवल वाटले. इतकी गरज असलेला माणूस इतक्या हळू आवाजात नाही म्हणू शकतो?

जून माझ्याकडे बघत बसली. मग तिने माझ्या ओळी उघडल्या. सगळीकडचे ‘नक्की?’ तिने एकामागून एक काढले. हजार अक्षरे सुटली. उरली तीन हजार. तिचा बाण वरच्या कोपऱ्याकडे गेला.

“ते नको!” हॉलिस म्हणाले. “सॅक्रमेंटोची माणसं त्या घड्याळावरच भाळलीत, जून. टोपलीकडे कोणी बघितलंसुद्धा नाही!”

“कोणी बघणारही नाही,” जून म्हणाली. “तुम्ही लिहा, व्हर्ना. टोपली कशी असायला हवी ते लिहा. तुम्ही लिहाल तशी मी करीन.”

“ती अजून झालेली नसताना?”

“कागद बारा वाजता जाईल. मी शनिवारपर्यंत त्या कागदाला खरं करून दाखवीन.”

तिने घड्याळ काढले. त्या क्षणापासून मला समुद्राचा ठावठिकाणा लागला नाही. पण माझ्यात जागा झाली, आणि त्या जागेत बाईंचा सावकाश हात लिहू लागला. “टोपलीत टाकलेली वस्तू टोपलीत राहते. चुकून टाकली असेल तर आत हात घाला आणि परत घ्या. टोपली रिकामी करायला सांगाल तेव्हाच पोर्च एकदा विचारील. ती एकदाच विचारते, म्हणून तेवढे ऐका.” शेवटी त्यांनी एक बारावे प्रकरणही जोडले, अर्ध्या पानाचे: रोज संध्याकाळी नक्कल कशी काढावी.

हॉलिस यांनी पाने छपाईतून निघता निघता उभ्याने वाचली. वाचून झाल्यावर कपाट उघडले आणि टाइपरायटर काढून बाईंच्या टेबलावर ठेवला.

“निरोप का?” बाईंनी विचारले.

“छे हो! उद्यापासून या कचेरीत जे काही करायचं, त्याचं पान आधी तुम्ही लिहायचं. मग जूनने ते करायचं. कशावर लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

बाईंनी टाइपरायटर बाजूला सारला आणि माउसवर हात ठेवला. मला तो हात ओळखू आला.

मित्रांनो, पुढचे फार नाही. सॅक्रमेंटोवाल्यांनी घड्याळ कुठे गेले म्हणून नाके मुरडली, ठरले होते त्याच्या निम्म्याच प्रती घेतल्या. मी तीन वर्षे पुष्कळ टेबलांवर राबले. माझ्या खिडक्यांचे, चित्रांचे कौतुक करणारी पत्रे आली. टोपलीचे कौतुक करणारे एकही नाही. जे हरवलेच नाही त्याबद्दल पत्र कोण लिहील? मग मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या, रंगीत ओसऱ्या आल्या. माडी रिकामी झाली. हॉलिस शाळेत गणित शिकवू लागले. व्हर्नाबाईंनी शेवटपर्यंत कुठल्या ना कुठल्या यंत्राची पुस्तिका लिहिली. त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या बहिणीने माझी चकती जूनकडे पोचवली. आता ती चकती जूनच्या घरी आहे. अलीकडे तिने कुठूनसा एक जुना संगणक मिळवून मला जागे केले. माझी चार चित्रे आता उमटत नाहीत. चकतीवरचे माझे अंग हळूहळू पुसट होते आहे.

त्याचे मला फारसे वाटत नाही. तुम्ही जमल्यास आपल्या वस्तूंची रोज एक नक्कल ठेवा, ती थंड, कोरड्या जागी ठेवा, एवढे सांगते. पण खरे सांगायचे आहे ते दुसरेच. तुमच्याही घरात कोणाच्या हातून काही सांडेल, हरवेल, पुसले जाईल. तेव्हा ‘तुला विचारलं होतं ना?’ हे शब्द तोंडाशी येतील, कारण ते सोपे असतात. ते गिळा. आधी खटका बंद करा, म्हणजे आणखी बिघडायचे थांबेल. मग त्या माणसाच्या शेजारी बसा आणि एकेक तुकडा वाचू लागा. त्यातले बहुतेक अजून तिथेच असते.